निविदेच्या पत्राचे मोल

कर्जतहून पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरी मागे टाकून बोरघाट चढू लागली, की डोंगर फोडून काढलेले बोगदे दिसू लागतात. या लोहमार्गाचा ठेका प्रथम विल्यम फेव्हिएल यांच्याकडे होता. 1859 साली मजुरीच्या प्रश्नावरून मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फेव्हिएल यांनी काम सोडले. पुढे आलेले सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच निवर्तले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेक्याचा भार उचलला आणि 1863 साली घाट खुला झाला. ठेकेदाराने दिलेला शब्द किती जड असतो, याचा दाखला कर्जत-खालापूरकरांना अन्यत्र शोधावयास नको.

आज हा शब्द निविदा-पत्रात द्यावा लागतो. वाडीवरचा रस्ता असो वा शाळेची खोली, त्या एका पानात निविदाकार सांगतो, की अटी, नकाशे व शुद्धिपत्रके आपण वाचली आहेत, दर ठरलेल्या मुदतीपर्यंत बांधील राहील आणि सही करणाऱ्यास तसा अधिकार आहे. सूचनेचा क्रमांक व कामाचे नाव शब्दशः उतरावे, दर आकड्यांत व अक्षरांत एकच असावा, स्वतःची अट घालू नये. द्विलिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफ्यात दराचा चुकून उल्लेख झाला, तरी निविदा बाद ठरू शकते. ई-निविदा आल्या, लाखेच्या मोहरा गेल्या. ही दक्षता मात्र टळलेली नाही.

मोठ्या कंपनीपाशी यासाठी जाणकार कारकून असतात. गावच्या मजूर सहकारी संस्थेस वा नवशिक्या अभियंत्यास ते कोठून परवडणार? लहान कामांत त्यांचा हिस्सा राखण्याचे शासनाचे धोरण आहे. परंतु हिस्सा राखला तरी पत्र साधलेच पाहिजे.

नियम सैल केल्यास वशिल्याला वाट मिळेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दर व बयाणा यांबाबत सवलत नको. मात्र क्रमांकातील किरकोळ चूक खुलासा मागवून दुरुस्त करता यावी, आणि पत्राचा मराठी नमुना पंचायत समितीत समजावून मिळावा. राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे. एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

निविदाकारानेही एक पथ्य पाळावे. काम मिळविण्यासाठी न परवडणारा दर लिहिला, तर त्याची भरपाई अखेर मजुराच्या घामातून आणि पहिल्याच पावसात वाहून जाणाऱ्या खडीतून होते.