वेळेवर लावलेली आग

२०१९-२० च्या उन्हाळ्यात आग्नेय ऑस्ट्रेलियातील अरण्ये पेटली. ज्वाला जेथे पोहोचल्या नाहीत, तेथे धूर पोहोचला. न्यू साउथ वेल्समधील हंटर खोऱ्यात तो द्राक्षांच्या सालीतून आत शिरला. डोळ्यांना निर्दोष दिसणारे पीक अनेक बागायतदारांना वेलींवरच सोडून द्यावे लागले.

याच देशाच्या उत्तर भागातील आदिवासी समाज हजारो वर्षांपासून आगीशी निराळा व्यवहार करीत आला आहे. पावसाळा सरल्यावर, गवतात अद्याप ओल असताना, ठिकठिकाणी लहान आगी लावल्या जातात. अशी आग संथपणे सरकते, झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढत नाही आणि जीवजंतूंना निसटण्यास अवधी देते. पुढे कडक उन्हात वणवा लागलाच, तर त्याला फारसे जळण उरत नाही.

पश्चिम आर्नहेम लँडमध्ये सुमारे २८,००० चौरस किलोमीटर भूमीवर आदिवासी वनरक्षक हे कार्य करतात. हरितगृह वायूंचे उत्सर्जन त्यामुळे घटते. त्याचा मोबदला म्हणून दरवर्षी सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचा करार २००६ मध्ये डार्विन येथील नैसर्गिक वायूच्या प्रकल्पाशी झाला. वेळेवर केलेला अल्प खर्च मोठा तोटा टाळतो, हा पेढीवरचा जुना हिशेब तेथे भूमीवर मांडलेला दिसतो.