जुनी फाइल माळ्यावरून उतरवा

बायोप्सीचा रिपोर्ट हातात येतो आणि पहिल्या खेपेचं सगळं डोळ्यांपुढून सरकतं: सलाइनचा स्टँड, उशीवर पडलेले केस. अशा वेळी धीर कुठून आणायचा? माझ्या मते, एका प्रश्नापासून सुरुवात करावी. जुनाच कॅन्सर उलटला आहे, की हा नवा, वेगळा आहे?

फरक फार मोठा आहे. उलटतो तेव्हा पहिल्याच कॅन्सरच्या दडून राहिलेल्या पेशी पुन्हा वाढलेल्या असतात. नव्या कॅन्सरचा टप्पा मात्र नव्याने ठरवला जातो आणि तो लवकर सापडला, तर पूर्ण बरं होण्याची आशा खरीखुरी असते. टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवाला २०१० मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला. जानेवारी २०२३ मध्ये तिने घशाचा आणि पुन्हा स्तनाचा, असे दोन कॅन्सर झाल्याचं जाहीर केलं. दोन्ही सुरुवातीच्या टप्प्यातले. त्याच वर्षी उपचारांनंतर तपासण्या स्वच्छ आल्या.

उलटलेल्यावरही उपाय असतात. पुन्हा बायोप्सी करतात ती उगाच नव्हे. गाठीचे गुणधर्म बदललेले असू शकतात, मग औषधही बदलतं.

पण पुढचे उपचार ठरवताना आधी काय दिलं होतं, हेही पाहावं लागतं. म्हणून माळ्यावरची जुन्या उपचारांची फाइल उतरवा. डॉक्सोरुबिसिन, ते लालभडक औषध, हृदयावर ताण आणतं, म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते. किरणोपचार कुठे आणि किती दिले, हेही डॉक्टरांना लागतं. कागद हरवले असतील तर जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात मागा. आणि सोबत घरातलं कुणीतरी न्या. तुम्हाला रडू फुटलं, तर उरलेले प्रश्न ते विचारतील.