शनिवारी भरणारी डेटाबेसची शाळा

10 नोव्हेंबर 2007. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या ऑर्लँडो शहरात त्या शनिवारी डेटाबेस सांभाळणारी मंडळी सुट्टी सोडून एकत्र आली आणि दिवसभर एकमेकांना आपलं काम शिकवत बसली. अँडी वॉरन, स्टीव्ह जोन्स आणि ब्रायन नाइट यांच्या पुढाकारातून सुरू झालेल्या या उपक्रमाचं नाव ‘एसक्यूएल सॅटर्डे’. शिकायला येणाऱ्याला फी नाही, शिकवणाऱ्याला मानधन नाही. तास-तासाची सत्रं, एकाच वेळी वेगवेगळ्या वर्गांत; नवख्यांसाठी निराळी, मुरलेल्यांसाठी निराळी. बाहेर व्हरांड्यात प्रायोजक कंपन्यांची टेबलं, आणि जेवतानाही विषय डेटाबेसचाच. हे लोण पुढे जगभर पसरलं, भारतातही आलं. 2010 पासून ‘पास’ ही व्यावसायिकांची संघटना हे शनिवार सांभाळत होती. जानेवारी 2021 मध्ये ती संघटना बंद झाली, तरी शनिवार भरतच राहिले.

लोक सुट्टीचा दिवस या कामासाठी का देतात, हे कळायला आधी काम समजून घ्यावं लागतं. बँकेतली शिल्लक, रेल्वेचं आरक्षण, सातबारा, रुग्णालयातले अहवाल हे सगळं आज कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये असतं, आणि त्या डेटाबेसची जबाबदारी कुणातरी डीबीएवर, म्हणजे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवर असते. सगळं सुरळीत चाललं की त्याची आठवणही कुणाला होत नाही. आणि हे काम कामावर असताना शिकायची सोय फारशी नाही. बँकेच्या चालू डेटाबेसवर ‘जरा मोडून बघतो’ असं कोण म्हणू देईल? प्रशिक्षणाच्या दिवशी मात्र खुशाल मोडता येतं. मायक्रोसॉफ्टने सरावासाठी दिलेला ‘अ‍ॅडव्हेंचरवर्क्स’ नावाच्या काल्पनिक सायकल कंपनीचा डेटाबेस लॅपटॉपवर घ्यायचा, हवा तसा बिघडवायचा आणि पुन्हा उभा करायचा.

पहिलं नवल असतं इंडेक्सचं. समजा, भारतातल्या 140 कोटी माणसांची नोंद एका टेबलमध्ये आहे आणि त्यातली एकच हवी आहे. पहिल्या ओळीपासून वाचत गेलं तर लाखो पानं चाळावी लागतील. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आपला डेटा 8 केबीच्या पानांत ठेवतो, पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेसही बहुतेक ठिकाणी तसंच करतो. इंडेक्सच्या अशा एका पानावर 400 नोंदी मावतात असं धरू. सगळ्यात वरचं पान एकच. ते खालच्या 400 पानांची वाट दाखवतं, आणि त्यातलं प्रत्येक पान आणखी 400 पानांची. तिसऱ्या पातळीवर 6 कोटी 40 लाख नोंदी आवाक्यात येतात, चौथ्या पातळीवर 2,560 कोटी. म्हणजे अख्ख्या देशातून एक माणूस शोधायला इंडेक्सची फक्त चार पानं उघडावी लागतात. ‘बी-ट्री’ नावाची ही रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत 1970 च्या सुमारास मांडली. वर्गात हे फळ्यावर समजतं, पण पटतं ते पडद्यावर. एक छोटी सेटिंग चालू केली की प्रत्येक क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, किती पानं वाचली तो आकडा खाली उमटतो. इंडेक्स नसताना तो लाखांत असतो. इंडेक्स तयार करा, तीच क्वेरी पुन्हा चालवा, आकडा एक अंकी होतो. वर्षानुवर्षं हे काम करणारी माणसंही तो आकडा घसरताना पाहून खूश होतात.

त्याहून खोल नवल आहे लॉगचं. तुम्ही पैसे पाठवले, ‘व्यवहार यशस्वी’ असं दिसलं आणि पुढच्या क्षणी सर्व्हरची वीज गेली. पैसे कुठे आहेत? इथे जुन्या पेढीवरची पद्धत आठवावी. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत चढायचा, खतावणी सावकाश व्हायची. खतावणी खराब झाली तरी कीर्द शाबूत असेल तर ती पुन्हा लिहून काढता येत असे. डेटाबेस नेमकं हेच करतो. बदल मूळ टेबलच्या पानांवर डिस्कवर उतरण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये पक्की होते. लॉगची ती नोंद डिस्कवर पोचल्याशिवाय डेटाबेस ‘कमिट झालं’ असं म्हणतच नाही. टेबलची पानं मागाहून, सवडीने लिहिली जातात.

मग वीज परत येते आणि सर्व्हर उठतो. तो सर्वांत आधी लॉग वाचतो: कोणते व्यवहार पुरे झाले होते, कोणते अर्धवट होते? मग लॉगमधले बदल ओळीने पुन्हा करून वीज जातानाची स्थिती उभी करतो, आणि अर्धवट राहिलेले व्यवहार उलट्या क्रमाने पुसून टाकतो. तपासणी, पुनरावृत्ती, माघार अशा या तीन टप्प्यांच्या पद्धतीचं नाव ‘एरीज’. तिचा सविस्तर शोधनिबंध 1992 मध्ये आला आणि त्याचे पहिले लेखक होते आयबीएममधले सी. मोहन, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. व्यवहार एक तर पूर्ण व्हावा किंवा झालाच नाही असं व्हावं, या विचाराला पक्का पाया देणाऱ्या जिम ग्रे यांना 1998 चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आपण दिवसातून कितीदा तरी मोबाइलवरून पैसे पाठवतो, त्या प्रत्येक वेळी या माणसांच्या विचारावर विसंबतो.

लॉगची खरी ताकद कळते ती रिस्टोअरच्या, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करण्याच्या सत्रात. डीबीएने हे एकदा तरी स्वतःच्या हाताने करायलाच हवं. प्रसंग असा मांडतात: दर रविवारी पहाटे 2 वाजता पूर्ण बॅकअप होतो. बाकीच्या दिवशी पहाटे 2 ला फक्त रविवारनंतर बदललेल्या भागाचा, म्हणजे डिफरन्शियल बॅकअप होतो. दर पंधरा मिनिटांनी लॉगचा बॅकअप. बुधवारी सकाळी 11 वाजून 42 मिनिटांनी कुणीतरी डिलीटची कमांड दिली, पण कोणत्या ओळी ते सांगणारं ‘व्हेअर’ लिहायचं राहून गेलं. एका ग्राहकाऐवजी सगळेच ग्राहक उडाले. 11:44 ला आरडाओरडा झाला.

नवख्याचा हात लगेच शेवटच्या बॅकअपकडे जातो. शिकवणारे तिथेच थांबवतात. आधी लॉगचा जो तुकडा अजून कुठल्याच बॅकअपमध्ये नाही, तो वाचवा. त्याला ‘टेल-लॉग’ म्हणतात. मग रविवारचा पूर्ण बॅकअप वेगळ्या नावाने चढवा, म्हणजे मूळ डेटाबेसला धक्का लागत नाही. त्यावर बुधवार पहाटेचा डिफरन्शियल. त्यावर 2:15 पासून 11:30 पर्यंतचे 38 लॉग-बॅकअप, एकही न गाळता, क्रमाने. मधला एक जरी खराब निघाला तरी गाडी तिथेच थांबते, पुढचे सगळे असून नसल्यासारखे. प्रत्येक पायरीला ‘नो-रिकव्हरी’ लिहायचं, म्हणजे अजून बाकी आहे, दार लावू नकोस असं सर्व्हरला कळतं. शेवटी टेल-लॉग, आणि त्यात सांगायचं की 11:41 ला थांब. डेटाबेस उघडतो. ग्राहकांचं टेबल मोजा: सगळे हजर. त्या ओळी आता मूळ डेटाबेसमध्ये परत न्यायच्या. हवं ते मिनिट निवडून डेटाबेसला मागे नेता येतं, ही गोष्ट पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतः कमांड देऊन अनुभवणं वेगळं.

डेडलॉकही असाच दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून दाखवतात. पहिल्या खिडकीतला व्यवहार ‘ऑर्डर’ टेबल धरून बसतो आणि ‘साठा’ टेबल मागतो. दुसरीतला ‘साठा’ धरून बसतो आणि ‘ऑर्डर’ मागतो. दोघंही हटणार नाहीत, माणसाने वाट पाहिली तर जन्मभर पाहावी लागेल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यावर एक पहारेकरी प्रक्रिया असते, ती एरवी दर पाच सेकंदांनी असा तिढा शोधते. सापडला की ज्याचं काम उलटवणं स्वस्त, त्याला माघार घ्यायला लावते. त्या खिडकीत 1205 क्रमांकाची त्रुटी लाल अक्षरांत येते, दुसरीचं काम पुरं होतं. उपाय साधा आहे: सगळ्या प्रोग्रॅमनी टेबलं एकाच क्रमाने हाताळावीत.

आणि या सगळ्याच्या वर बसलेला क्वेरी ऑप्टिमायझर. 1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलं की, माणसाने काय हवं ते सांगावं, ते कसं आणायचं हे यंत्राने ठरवावं. ते ठरवणं किती अवघड आहे पाहा. दहा टेबलं जोडायची असतील तर ती एकामागून एक जोडण्याचेच क्रम 36,28,800 होतात. 1979 मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रत्येक वाटेचा खर्च आधी अंदाजून स्वस्त वाट निवडायची पद्धत दाखवली. तो अंदाज टेबलांच्या आकडेवारीवर चालतो. ती शिळी झाली की चांगली क्वेरीही रेंगाळते, आणि आकडेवारी ताजी ठेवणं हे डीबीएचं रोजचं काम.

यंत्र आपला वाटा चोख उचलतं. माणसाचा वाटा सरावाचा आहे, आणि तो राहिला तर काय होतं हे गिटलॅब या कंपनीने स्वतःच जगाला सांगितलं आहे. 31 जानेवारी 2017 च्या रात्री त्यांच्या पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसची दुसरी प्रत मूळ डेटाबेसच्या मागे पडत होती. ती नीट करताना एका अभियंत्याने दुसऱ्या सर्व्हरवरचा समजून मूळ सर्व्हरवरचाच डेटा पुसायची कमांड दिली. चूक लक्षात येऊन कमांड थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. बॅकअपच्या आणि प्रती ठेवण्याच्या मिळून पाच व्यवस्था होत्या; गरज पडली तेव्हा एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप घेणारं साधन 9.2 आवृत्तीचं आणि डेटाबेस 9.6 चा, त्यामुळे तो बॅकअप होतच नव्हता. अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. साधारण सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून बाकीचं वाचलं. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर कारणांची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. डेटाबेसच्या जगाला त्या मोकळेपणाचा मोठा उपयोग झाला, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

शनिवारच्या शाळेचं मोलही याच मोकळेपणात आहे. कंपनीत जी चूक कुणी चारचौघांत बोलणार नाही, ती इथे उपायासकट समोर ठेवली जाते, आणि ऐकणारा ती आपल्या नोकरीत होण्याआधी शिकून घेतो. रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर माणूस पुस्तक उघडत नाही, हाताला असलेल्या सवयीवर चालतो. ती सवय लावायला असा एक शनिवार पुरेशी सुरुवात आहे.

अशा दिवसाची वाट पाहायचीही गरज नाही. पोस्टग्रेएसक्यूएल मोफत आहे, एसक्यूएल सर्व्हरची शिकण्यासाठीची डेव्हलपर आवृत्तीही मोफत आहे. येत्या शनिवारी आपल्या लॅपटॉपवर एक डेटाबेस तयार करा, त्याचा बॅकअप घ्या, मग त्यातलं एक टेबल खरोखर उडवा आणि परत आणून दाखवा. तुमच्या हाताखाली आधीच एखादा डेटाबेस असेल, तर आज एकच गोष्ट तपासा: त्याचा बॅकअप शेवटचा कधी कुणी उघडून, उभा करून पाहिला होता? उत्तर देता येत नसेल, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असंच धरा आणि कामाला लागा.