पाच रजांचं काश्मीर

सकाळी 7.20
भोसरी, आळंदी रस्त्याच्या आतली गल्ली. गुरुवार, 21 ऑगस्ट 2025. एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे कामगारांना नेणाऱ्या कंपनीच्या बस दिसत नाहीत. रेल्वे तिकिटांच्या एजंट असलेल्या ताई शटर वर करतात. दुकान आठ बाय दहाचं, भाडं नऊ हजार. दोन संगणक, प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, भिंतीवर रेल्वेचा नकाशा. आधी इन्व्हर्टर तपासायचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि गिऱ्हाईकही गुरुवारीच येतं.

7.50
एका खोलीत राहणारी, सीएनसीवर काम करणारी तीन पोरं. दिवाळीत गावी न जाता जम्मू बघायचं ठरवलंय. आज आठ वाजता 20 ऑक्टोबरचं आरक्षण उघडणार. पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, गेल्या नोव्हेंबरपासून 60 दिवस. पहिली काही मिनिटं एजंटांना तिकीट काढायची मनाई, म्हणून पोरं आपापल्या फोनवर. ताई शेजारी उभ्या. "नावं भरून ठेवली का? यूपीआयचा पिन आठवतोय ना?" फोनला मात्र हात लावत नाहीत. दुसऱ्याच्या खात्यावरून तिकीट काढून पैसे घेणं कायद्यानं गुन्हा आहे. आठ वाजून दोन मिनिटांनी एक पोरगा ओरडतो. झेलम एक्सप्रेस, स्लीपर, तिन्ही कन्फर्म. ताईंना मिळतात प्रिंटचे पाच रुपये.

11.30
स्लीपरचं तत्काळ अकराला उघडतं. एजंटांना त्यात पहिला अर्धा तास बंदी, जुलैपासून. एक जण उद्याचं दानापूर मागतो, वडील आजारी आहेत. तोवर वेटिंग लागलेलं. "जनरलनं जाईन," म्हणतो आणि निघतो. त्याच्या सोबतचा थांबतो. त्याला छठला घरी पोचायचंय. छठ 27 ऑक्टोबरला. ताई कॅलेंडरवर बोट ठेवून मागं मोजतात. "22ला निघायचं तर परवा, शनिवारी, बरोबर आठला बस." तो तारीख हातावर लिहून घेतो.

12.45
निवृत्त काका आणि काकू. त्यांना रामेश्वरला जायचंय, आणि रेल्वेनंच. डिसेंबर 2022 पासून गाडी बेटावर जात नव्हती. यंदा 6 एप्रिलला नवा पांबन पूल सुरू झाला. जहाज आलं की त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. काकांनी आयुष्यभर यंत्रं जोडली, त्यांना हा पूल बघायचाय. दिवाळी झाली की लगेच.

"काका, तेव्हा तिकडं पाऊस. आपला सरतो आणि तमिळनाडूचा सुरू होतो. जानेवारीत जा."

ताई नकाशावर बोट फिरवतात. पुण्याहून सुटणारी कन्याकुमारी गाडी, शेवटपर्यंत. तिथून वर मदुराई, मग रामेश्वर. ज्येष्ठांची सवलत? ती मार्च 2020 पासून बंद. खालचा बर्थ मागता येईल. जानेवारीचं तिकीट नोव्हेंबरमध्ये निघेल. अर्धा तास गेला, आज मिळकत काही नाही. पण दिवसभरातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं काम हेच. दोन म्हातारी माणसं भर पावसात किनाऱ्यावर अडकली असती.

2.15
वीज गेली. भाकरी आणि गवारीची भाजी. ताईंचा आकार स्लीपरला वीस रुपये, एसीला चाळीस. तोही तिकिटामागं, माणसामागं नाही. एका तिकिटावर सहा माणसं मावतात. सकाळपासूनच्या झेरॉक्सनं तिकिटांपेक्षा जास्त दिलं.

5.00
प्रेस शॉपमधले दादा, त्यांची बायको, आई आणि दोन मुलं. बाकं पुरत नाहीत. आई स्टुलावर, मुलं दारात.

"ताई, काश्मीरला किती दिवस लागतात?"

"आधी रजा किती उरल्यात ते सांगा."

"पाच."

ताई वहीचं मागचं पान उघडतात. भाऊबीज 23 ऑक्टोबरला, ती घरीच व्हायला हवी, यावर आई ठाम. कंपनी शनिवार, 25 पर्यंत बंद. मग 24ला संध्याकाळची झेलम. दोन रात्री गाडीत, 26ला सकाळी जम्मू. तिथून कटरा. कटऱ्याहून श्रीनगरला आता वंदे भारत जाते, जूनपासून, तीन तासांत, चिनाबच्या पुलावरून. 26ला मुक्काम श्रीनगरला. परत यायलाही दोन रात्री. 30ला जम्मूहून निघालं तर पुणं 1 तारखेला. रजा लागतात सहा. एक कमी पडते.

दादा पेन घेतात. सुपरवायझरकडं रजा मागायची? गेल्या वर्षी मागितली होती, मिळाली नाही. ताई एक मुक्काम खोडतात. 29ला जम्मू सोडायचं. 30ला गुरुवार, तो साप्ताहिक सुट्टीचा, रजेत धरायचाच नाही. 31ला पुणं, 1ला ड्युटी. 26, 27, 28, 29, 31. पाच.

श्रीनगरला पूर्ण दिवस उरतात दोन. एक दल सरोवर आणि मुघल बागांना, एक गुलमर्गला.

"पहलगाम?" मोठा मुलगा विचारतो.

"नको," आजी म्हणतात. 22 एप्रिलला पहलगामच्या बैसरनमध्ये 26 माणसं मारली गेली. त्यांत महाराष्ट्राचे सहा, दोघं पुण्याचे. ताई समजूत घालायला जात नाहीत. खोडलेला दिवस पहलगामचाच होता.

आता पैसे. थ्री एसी माणशी दोन हजारांच्या पुढं. धाकटा दहा वर्षांचा, त्याला बर्थ हवा तर पूर्ण भाडं. जाऊन-येऊन पाच जणांचे बावीस हजारांच्या आसपास. वंदे भारत माणशी 715, दोन्ही वेळचे 7,150. बोनस जमा झाला की खोलीचं भाडं आणि गाडीवाला. दादांची बायको हे सगळं मोबाइलवर टिपून घेते. चार तिकिटं ताईंनी काढली तर त्यांचे 160 रुपये.

7.10
24चं आरक्षण सोमवारी आठला उघडणार. एजंटाची पाळी येईस्तोवर थ्री एसी उरेलच असं नाही. दादा सोमवारी पहिल्या पाळीला, फोन लॉकरमध्ये. म्हणून बायको बसणार. तिचं स्वतःचं खातं उघडायचं, आधार जोडायचा. नोंदणी होते, आणि ओटीपी येतो दादांच्या फोनवर.

"वहिनी, आधारला नंबर कुणाचा आहे?"

"यांचाच."

ताई मान हलवतात. "उद्या आधी केंद्रात जाऊन तुमचा नंबर लावून घ्या. पावती सांभाळा. आणि सोमवारी साडेसातला इथं या, चार्जर घेऊन."