खसखशीचं बंद बोंड

ऑस्ट्रियातल्या वाल्डफिर्टेल भागात जुलैत अफूची शेतं फुलतात. झाडं कमरेच्याही वर गेलेली, फुलं पांढरी, गुलाबी, जांभळट आणि पाकळ्यांच्या बुडाशी गडद डाग. फूल एक-दोन दिवसांत झडतं. उरतं ते डोक्यावर चांदणीसारखी चकती असलेलं हिरवं बोंड. तिथे हे पीक घेतात ते खसखशीसाठी, केक आणि गोड पदार्थांत भरायच्या काळ्या-करड्या दाण्यांसाठी. अफू म्हणजे मुळात नशेचंच झाड, खसखस ही त्याची वरकमाई, हा आपला समज मला अर्धवट वाटतो, आणि त्याचा पुरावा या बोंडातच आहे. रानवट वळणाच्या बोंडाला पिकल्यावर चकतीखाली बारीक खिडक्या उघडतात. वाऱ्याने देठ हलला की मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसं बी सांडतं. झाडाचं त्यात भलंच होतं, शेतकऱ्याचं मात्र नुकसान. युरोपातल्या कित्येक जुन्या वाणांत या खिडक्या उघडतच नाहीत. वाळलेलं बोंड कानाशी खुळखुळतं, पण फोडल्याशिवाय दाणा देत नाही. नशेच्या अफूसाठी चीक काढणारा हिरव्या बोंडालाच चीर देतो. खिडकी उघडो वा न उघडो, त्याला काय त्याचं? बंद बोंडं निवडून पिढ्यान्‌पिढ्या जपली ती दाणा खाणाऱ्यांनीच.

यावर कोणी म्हणेल, वाण कुठलाही असो, झाड तेच ना? खरं आहे. बियांत मॉर्फिन नगण्य असतं, पण बोंडाचा चीक वा चुरा त्यांना लागतो. म्हणून तर युरोपीय संघाने खसखशीतल्या मॉर्फिनला मर्यादा घातली आहे. वाळलेल्या बोंडातूनही मॉर्फिन निघतं, तुर्कस्तानात त्याचा कारखानाच आहे. तेव्हा आपला 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा पेरणाऱ्याचा हेतू न पाहता झाड पाहतो, हे मला जाचक वाटलं तरी अडाणीपणाचं वाटत नाही. परवाने मिळतात ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक पट्ट्यांत. अनारशावरची पांढरी खसखस मंदसौर-नीमचकडे चिरा दिलेल्या बोंडांतूनही येते, म्हणजे आपल्याकडे ती वरकमाई आहेच. महाराष्ट्रात मात्र परसात चार झाडं लावणं हाही गुन्हा. फुलांचीच हौस असेल तर शर्ली पॉपी लावावी. ती वेगळी जात, तिच्यात मॉर्फिन नसतं. थंडीच्या तोंडावर बी वाळूत मिसळून जागेवरच भुरभुरावं, मातीत पुरू नये. सोटमूळ दुखावतं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नये.