तोतोराचे दशक

2023 साली टिटिकाका सरोवराची पातळी फार खाली गेली आणि काठावरची तोतोराची बने उघड्या चिखलात वाळू लागली, तेव्हा या वनस्पतीच्या अलीकडच्या इतिहासाचा मागोवा घेणे अगत्याचे झाले. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर, सुमारे 3,800 मीटर उंचीवरील या सरोवरात वाढणारी तोतोरा नागरमोथ्याच्या कुळातील असून, तिच्या उंच देठांत हवेच्या बारीक पोकळ्या असल्यामुळे तिच्या मोळ्या पाण्यावर तरंगतात. उरू लोक तिच्या मुळांचे तरंगते गठ्ठे, म्हणजे ‘खिली’, एकत्र बांधतात, त्यावर कापलेल्या तोतोराचे आडवेउभे थर अंथरतात आणि खालचा थर कुजू लागला की वर नवा घालून बेट जिवंत ठेवतात.

स्पॅनिश राजवट आली आणि गेली, तरी कापणी, विणकाम आणि चारा हे चक्र चालूच राहिले. मागोवा घेणाऱ्याला थांबावे लागते ते 1969 ते 1978 या दशकापाशी. नॉर्वेचे संशोधक-दर्यावर्दी थोर हायरडाल यांची ‘रा’ ही पपायरसची नौका 1969 मध्ये अटलांटिक ओलांडताना बार्बाडोसच्या अलीकडेच निकामी झाली, तेव्हा त्यांनी दुसरी नौका बांधण्यासाठी टिटिकाकातील सुरिकी बेटावरील आयमारा जमातीचे कारागीर मोरोक्कोत नेले. दोन जाड मोळ्या, मध्ये एक बारीक मोळी आणि सर्वांना आवळणारा सलग दोर, ही तोतोराच्या होड्यांवर घडलेली विद्या त्यांनी पपायरसवर वापरली आणि ‘रा 2’ने 1970 मध्ये अटलांटिक 57 दिवसांत ओलांडला. 1977 मध्ये इराकमधील ‘टायग्रिस’ नौकाही टिटिकाकाच्याच कारागिरांच्या हातून उभी राहिली. जगाने नाव लक्षात ठेवले ते नौकानायकाचे. देमेत्रियो, हुआन आणि होसे लिमाची व पाउलिनो एस्तेबान ही नावे तळटिपेत गेली, आणि हा अन्याय अजून दुरुस्त झालेला नाही.

त्याच दशकाच्या अखेरीस, 1978 मध्ये, पेरूने टिटिकाका राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित करून तोतोराच्या बनांना कायद्याचे संरक्षण दिले. पुढची वर्षे मात्र ऱ्हासाची ठरली: पुनो शहराचे सांडपाणी उपसागरात आणि बोलिव्हियातील एल आल्तोचे काटारी नदीतून सरोवरात येत राहिले, आणि पर्यटकांच्या अनेक होड्यांच्या पोटात आता तोतोराऐवजी प्लास्टिकच्या बाटल्या भरलेल्या असतात. तोतोरा पाण्यातील काही घाण शोषून घेते, हे खरे. परंतु शहरांचे मलजल गाळण्याचे काम तिच्यावर सोपवणे ही सरकारी जबाबदारीची टाळाटाळ आहे. पुनो आणि एल आल्तो येथील सांडपाणी सरोवराला मिळण्यापूर्वी पूर्ण शुद्ध झाल्याशिवाय 1978चा कायदा कागदावरच राहील.