वेतन की मानधन?

गोदावरीकाठचे विष्णुपुरी हे नांदेडजवळचे गाव धरणामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु विद्येचे ठाणे म्हणूनही त्याची योग्यता कमी नाही. १९८१ साली येथे श्री गुरू गोविंदसिंहजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था निघाली, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता येथेच आहे. अशा गावी सुशिक्षित तरुणांचा भरणा असावा हे ओघानेच आले. आणि त्यांतील पुष्कळांस कायमची नोकरी नसावी, हेही दुर्दैवाने आजच्या काळात ओघानेच आले. अशा गावांतून कोणी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितो, कोणी खासगी रुग्णालयात ठरल्या दिवशी जाऊन रोगी तपासतो, कोणी घरीच बसून पुण्याच्या वा लंडनच्या कंपनीचे संगणकाचे काम करतो. महिन्याअखेर त्यांच्या हाती पडणाऱ्या रकमेस वेतन म्हणावे की मानधन, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांस केवळ शब्दच्छल वाटतो. पण त्या एका शब्दावर घरात प्रत्यक्ष किती रुपये येणार हे अवलंबून असल्यामुळे त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

नोकराच्या वेतनातून मालक जो प्राप्तिकर कापतो, तो त्या नोकराच्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन कापतो. कर देणे नसेल तर काहीच कापीत नाही. व्यावसायिकाच्या मानधनाची रीत निराळी. एका देणेदाराकडून वर्षाकाठी मिळणारी रक्कम पन्नास हजारांपलीकडे गेली की, घेणाऱ्यास कर लागो वा न लागो, शेकडा दहा कापून ठेवावयाचे. ही मर्यादा २०२५ च्या एप्रिलपर्यंत तीस हजारांचीच होती. १९६१ च्या अधिनियमात ह्या दोन रीतींस १९२ व १९४-जे अशी दोन कलमे होती. त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरविलेल्या २०२५ च्या अधिनियमात कलमांचे आकडे बदलले. भेद मात्र बदलला नाही.

आता हिशेब पाहू. एखाद्या तरुण अध्यापकास दहा महिने दरमहा तीस हजार रुपये मिळाले, म्हणजे वर्षाचे तीन लक्ष झाले. नव्या करपद्धतीप्रमाणे चार लक्षांपर्यंत कर मुळीच नाही. ही रक्कम वेतन गणली तर तीन लक्ष पुरतेपूर घरी येतील; मानधन गणली तर तीस हजार, म्हणजे संबंध एका महिन्याची कमाई, सरकारजमा होईल. वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरले म्हणजे ती परत मिळते हे खरे. परंतु घरभाडे व मुलांची फी तोवर थांबत नाहीत. बँकेतील ठेवीच्या व्याजावर कर कापू नये म्हणून जे प्रतिज्ञापत्र आपण देतो, ते मानधनास चालत नाही. त्यासाठी प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचा दाखला आधी मिळवावा लागतो, आणि त्या खटपटीस फारच थोडे लोक लागतात. पॅन क्रमांक दिलेला नसेल तर कपात शेकडा वीसपर्यंत जाते, ती निराळीच.

मग अमुक माणूस नोकर की व्यावसायिक, हे ठरवावयाचे कोणी? कागदावर लिहिलेले नाव हा काही निर्णय नव्हे. सौराष्ट्रातील धरांगध्राच्या मीठ पिकविणाऱ्या आगऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच काम कसे करावयाचे ह्यावर ताबा कोणाचा, ही कसोटी लावली. आणि ते आगरी स्वतःचे मदतनीस ठेवीत असूनही त्यांस कामगारच ठरविले. उलट पुण्याच्या रूबी हॉल रुग्णालयाच्या प्रकरणात तेथील सल्लागार डॉक्टरांस दिलेली रक्कम वेतनच होय, असा प्राप्तिकर खात्याचा आग्रह होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली तो मानला नाही. डॉक्टरांस आपला खासगी व्यवसाय करण्याची मुभा होती, आणि भविष्यनिर्वाह निधीसारखे नोकरीचे लाभ त्यांस नव्हते, ह्या गोष्टींस तेथे महत्त्व आले. ह्या दोन निकालांच्या उजेडात पाहिले तर ज्याचे वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि परीक्षेची कामेसुद्धा संस्था ठरविते, त्या तासिकेवरील अध्यापकास स्वतंत्र व्यावसायिक म्हणणे आम्हांस ओढूनताणून केलेले वाटते. त्याला स्वातंत्र्य नोकराइतकेच आणि लाभ मात्र नोकराचा एकही नाही.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस ह्याच प्रश्नाचा चटका अधिक बसला आहे. तेथे एकट्या माणसाने स्वतःची लहानशी कंपनी काढून तिच्यामार्फत काम करण्याची चाल होती. असा माणूस वस्तुतः नोकरासारखाच वागत असेल तर नोकराप्रमाणेच कर द्यावा, असा आयआर ३५ नावाचा नियम २००० च्या एप्रिलात आला. पुढे २०१७ साली सरकारी संस्थांत व २०२१ साली मोठ्या आणि मध्यम खासगी कंपन्यांत हे ठरविण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर पडली. चूक झाली तर भुर्दंड आपल्या माथी, ह्या भीतीने कित्येक कंपन्यांनी अशा लोकांस सरसकट पगारपत्रकावर येण्यास सांगितले, नाहीतर कामच दिले नाही. दर तोच ठेवून कर वाढला, म्हणजे मिळकत घटली. दर वाढवून मागण्याचे धैर्य व कौशल्य ज्यांच्या अंगी होते तेवढेच निभावले.

आपल्याकडे तरुण मंडळी दर ठरविताना नोकरीतील पगाराचा आकडा तसाच सांगून मोकळी होतात. नोकरास मूळ पगारावर शेकडा बारा भविष्यनिर्वाह निधी मालकाकडून मिळतो, उपदानाचे सुमारे पाच, आणि वर्षात महिनाभराची भरपगारी रजा धरली तर आणखी आठ. म्हणजे साठ हजारांच्या नोकरीशी बरोबरी साधण्यास कंत्राटी कामाचे निदान पंचाहत्तर हजार मागितले पाहिजेत, आणि काम केव्हाही बंद पडण्याच्या जोखमीचा मोबदला त्याहून वेगळा. अभियंता, वैद्य, वकील व संगणकतज्ज्ञ ह्यांस एक सवलत आहे खरी: वार्षिक जमा पन्नास लक्षांच्या आत असल्यास निम्मीच रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते. अध्यापन त्या यादीत नाही.

कराराच्या कागदात आणखी एक ओळ हवी, ती म्हणजे ‘वस्तू व सेवा कर वेगळा’. नोकराच्या सेवेवर हा कर नाही. स्वतंत्र व्यावसायिकाची जमा वर्षास वीस लक्षांवर गेली की साधारणतः शेकडा अठरा भरावा लागतो. दर करासह ठरला असेल तर शंभर रुपयांतील पंधरा रुपये पंचवीस पैसे आपल्याच खिशातून जातात.

एकत्र कुटुंबात ह्यावर एक युक्ती नेहमी सुचविली जाते: मुलाचे बिल अविभक्त कुटुंबाच्या नावे काढावे, म्हणजे कर विभागला जाईल. हे चालत नाही. स्वतःच्या विद्येने मिळविलेले धन त्याचेच, ही गोष्ट १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्याने पक्की केली आहे. त्यापूर्वी, १९२१ साली, कुटुंबाच्या खर्चाने शिकून सनदी नोकरीत गेलेल्या एका गृहस्थाची कमाई प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबाची ठरविली होती. ती अडचण दूर करणारे विधेयक बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी मांडले. तेव्हा बिल मुलाच्याच नावे निघावे, आणि कापलेला कर त्याच्याच पॅन क्रमांकावर जमा झाला की नाही, हे दर तिमाहीस प्राप्तिकराच्या वार्षिक विवरणात पाहून घ्यावे.